नजर ओळखणारं चीज

शनिवारी सकाळी आमच्या व्हिलाच्या दाराबाहेर चपलांचा ढीग दिसला, की समजायचं, आत चीजचं दर्शन सुरू झालं.

हो, चीजचं. बकरीच्या दुधाचं, पाकिटातलं, हनी-टर्मरिक फ्लेवरचं. युसुफभाईंच्या हॉलमध्ये, केक झाकायला असतो तशा काचेच्या घुमटाखाली, साबणाच्या वडीएवढा एक पिवळा तुकडा ठेवलेला असे. त्याच्या एका बाजूला ताजबींनी घरी केलेलं पनीर, दुसऱ्या बाजूला ब्रेडची एक स्लाइस. तिन्ही गोष्टी एकाच दिवशी ठेवलेल्या. पनीरवर आता हिरवी-काळी लव उगवली होती, ब्रेड तर जुन्या गालिच्यासारखा दिसत होता. आणि चीज? त्यावर एक ठिपकाही नाही!

"निरखून बघा!" उपेंद्रजी सांगत होते. "फ्रिज नाही, बर्फ नाही. तरी ताजं. का? अज म्हणजे काय, सांगा."

"बकरी," मुसफ्फाच्या कारखान्यांतून आलेला वेल्डर भिवा हात वर करून म्हणाला.

"शाब्बास. आणि अजचा दुसरा अर्थ? ज्याला जन्म नाही, तो अज! ज्याला जन्मच नाही, त्याला मरण कुठून? आणि ज्याला मरण नाही, ते सडेल कसं? म्हणून ह्याचं नाव अजामृत!"

गर्दीतून "वा!" असा आवाज उठला.

"बकरीला जन्म नसतो?" मी विचारलं.

"ताई," ते डोळे मिटून हसले, "हा प्रश्न देहबुद्धीचा आहे."

आता थोडी ओळख करून देते. इमिरेट्समधल्या मोहम्मद बिन झायद सिटीतली ही व्हिला युसुफभाईंची, म्हणजे त्यांनी भाड्यानं घेतलेली. मूळचे श्रीवर्धनचे, शेजारच्या मुसफ्फात त्यांचं गाड्यांच्या स्पेअर पार्ट्सचं दुकान. खाली ते, त्यांची आई ताजबी, सून यम्ना आणि सहा महिन्यांची नात अफशा. मुलगा फैज ऑफशोअरला, महिना-महिना समुद्रात. वरचा पोर्शन माझ्याकडे. मी ममता, दातांची डॉक्टर.

आणि उपेंद्रजी? जुमेरा लेक टॉवर्स ह्या उंच इमारतींच्या वस्तीतले 'वेलनेस कोच'. रेशमी कुडता, मनगटावर स्मार्टवॉच. ह्या देशात जादूटोण्याचा धंदा करणाऱ्याला थेट तुरुंग दाखवतात, त्यामुळे ते 'मंत्र' म्हणत नसत, 'फ्रीक्वेन्सी' म्हणत. 'दृष्ट' म्हणत नसत, 'निगेटिव्ह आय-एनर्जी' म्हणत. पण थोडं तापले की तोंडून 'नजर' निघूनच जाई.

लोक अजामृत घेऊन जात आणि आठवडाभर खात. भिवाच्या फोरमननं त्याची सुट्टी मंजूर केली, ती चीजमुळे. कुणाचं ड्रायव्हिंग लायसन्स निघालं, तेही चीजमुळे. ज्याचं निघालं नाही, त्यानं चीज टोस्टवर घालून खाल्लं होतं, ते चालत नाही म्हणे.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण उपेंद्रजी ह्या घरात शिरले ते अफशामुळे.

पोर रात्रभर रडे. मुठी तोंडात कोंबे, लाळ गळे, गाल लाल होत. मी एकदा तिच्या हिरडीवरून बोट फिरवलं आणि यम्नाला म्हटलं, "अगं, खालचे दोन दात वर येतायत. काही नाही, गार ओलं फडकं चावायला दे."

यम्ना काही बोलायच्या आत ताजबी म्हणाल्या, "दातांच्या डॉक्टरणीला सगळीकडे दातच दिसणार! तुझ्याकडे उद्या कोणी पाय मोडून आला, तरी तू म्हणशील, आ कर."

सगळे हसले. मीही हसले. आणि पुढच्या शनिवारी युसुफभाईंच्या ओळखीनं उपेंद्रजी आले, त्यांनी बाळाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि निदान केलं: "घरातल्याच कुणाची तरी नजर आहे." उपाय, अजामृत. रोज चिमूटभर चीज आईच्या दुधात कालवून त्याचं चाटण.

अफशाला तोवर आईच्या दुधाशिवाय काही दिलेलं नव्हतं.

हे चाटण पहिल्यांदा खटकलं ते कावेरीला. कावेरी संगमेश्वरकडची, पस्तिशीची. अफशाला सांभाळायला युसुफभाईंनी तिला व्हिसा काढून आणलं होतं. अफशा झोपायची ती तिच्याच खांद्यावर. एका दुपारी ती जिना चढून माझ्याकडे आली.

"डॉक्टरताई, चाटण दिलं की पोरीच्या अंगावर चट्टे उठतात. ओठ सुजतो, मग ओकते. चाटण नाही दिलं त्या दिवशी काही नव्हतं."

मी तडक खाली गेले. यम्ना बिचारी झोपेविना पांढरीफटक झाली होती. "दीदी, मी फोनवर विचारलं त्यांना. म्हणाले, दोष बाहेर पडतोय. चट्टे येणं हे गुड साइन आहे."

"यम्ना, हे ॲलर्जीसारखं दिसतंय. आजच बाळाच्या डॉक्टरला दाखव. चाटण बंद."

"आब्बांना विचारते," ती म्हणाली. आब्बा म्हणजे युसुफभाई. आब्बा म्हणाले, "इन्शाल्ला, हा शनिवार होऊ दे." मी रागानं माझ्या ओळखीच्या बालरोगतज्ज्ञाची अपॉइंटमेंट घेतली, ती मिळाली सोमवारची. तोवर चाटण देणार नाही, एवढं यम्नानं माझ्याकडे कबूल केलं. ते तिनं पाळलं, हे तिचं मोठेपण.

शनिवारी मात्र कावेरीनं भर गर्दीत उपेंद्रजींना विचारलं, "साहेब, ह्या चीजनं बाळाला त्रास होतो. का होतो, ते सांगा ना."

सवाल साधा होता. उपेंद्रजींचं हसू किंचित आकसलं, मग दुप्पट रुंद झालं.

"सांगतो. मी नाही, अजामृतच सांगेल. ज्याची नजर निर्मळ, त्याच्या हातात चीज पिवळं राहील. ज्याची नजर वाईट, त्याच्या हातात..." ते थांबले. "बकरी रक्ताचे अश्रू रडेल!"

बकरी नेदरलँड्सची की कुठली होती, ती मुसफ्फाच्या वेशीवर येऊन का रडेल, असं कुणीही विचारलं नाही.

रांग लागली. उपेंद्रजी तांब्यातून प्रत्येकाच्या हातावर 'शुद्धिजल' ओतत, मग ओल्या तळव्यावर चीजचा तुकडा ठेवून मूठ मिटायला लावत. युसुफभाईंनी मूठ उघडली, पिवळं. ताजबी, पिवळं. यम्ना, भिवा, मी... सगळे पिवळे. कावेरी पुढे आली तेव्हा उपेंद्रजींनी तांब्या खाली ठेवला आणि पिशवीतून एक छोटी चांदीसारखी झारी काढली.

"बाळाला जास्त हात लावणाऱ्यासाठी हाय-फ्रीक्वेन्सी जल," ते म्हणाले.

कावेरीनं मूठ मिटली. उघडली.

चीज लाल झालं होतं. बोटांच्या फटींतून लालसर पाणी ओघळत होतं.

कोणीतरी किंचाळलं. यम्नानं बाळाला छातीशी घट्ट धरलं आणि ती दोन पावलं मागे सरली. भिवा, जो कावेरीच्या हातच्या भाकरीसाठी दर शनिवारी लवकर यायचा, तोही भिंतीला टेकला. युसुफभाईंचा चेहरा उतरला. माणूस वाईट नाही तो. पण सख्ख्या नातीचा प्रश्न होता.

"कावेरी," ते जड आवाजात म्हणाले, "तुझं तिकीट बुक करतो. व्हिसा कॅन्सल. खलास."

कावेरी तळहाताकडे बघत राहिली.

मी तिला वर घेऊन आले. ती माझ्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसली होती, लाल हात मांडीवर उपडे ठेवून. तिचा मुलगा देवरुखला होस्टेलवर होता, तिच्या पगारावर. मला वाटलं, ती त्याबद्दल रडेल. पण ती म्हणाली, "ताई, मी तिच्याकडे लई कौतुकानं बघायची. काल म्हटलं पण, कशी लोण्यासारखी आहे बाय माझी. तेच लागलं असेल का?"

इतका राग मला कधी आला नव्हता, आणि तो नेमका कुणावर काढायचा हेही कळेना. मी येताना हॉलमधून अजामृताचं एक पाकीट उचलून आणलं होतं, ते फाडलं. पाठीमागे मोठं सोनेरी स्टिकर: 'अजामृत. शुद्ध. सात्त्विक. अनंत.' मी कोमट पाण्यात कापड बुडवून त्यावर ठेवलं, दातांवरचं किटण काढायचं हत्यार घेतलं आणि स्टिकरची कड अलगद उचलली. खाली छापील लेबल होतं, इंग्लिश आणि अरबी, ठळक. म्हणजे हे सगळं पहिल्या दिवसापासून पाकिटावरच होतं.

बकरीचं चीज, चाळीस टक्के. बाकी पाणी, पाम फॅट, गाईच्या दुधाची भुकटी, स्टार्च, मध नव्हे तर 'मधाचा स्वाद'. बकरी बिचारी स्वतःच्याच चीजमध्ये अल्पसंख्य होती! त्याखाली: इमल्सिफायर ई-३३१ आणि ई-३३९. प्रिझर्व्हेटिव्ह ई-२०२. रंग ई-१००.

वाचून मी हात धुवायला सिंककडे वळले. बोटांना चीजचा चुरा चिकटला होता. साबण लावला. आणि चुरा माझ्या बोटांवर लालभडक झाला.

"कावेरी!" मी ओरडले. "इकडे ये. बघ, माझी पण नजर वाईट!"

ती धावत आली. मी आणखी चीज घेतलं, साबण चोळला, लाल. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून लावला, केशरी. मग सिंकजवळ पडलेलं अर्धं लिंबू त्यावर पिळलं. बघता बघता पुन्हा पिवळं.

"ई-१०० म्हणजे काय, माहितेय? हळद. हळदीतला रंग. वरणाचा डाग पडलेल्या शर्टाला साबण लावला की काय होतं?"

"लाल होतो," ती म्हणाली. आणि मग, हळू, "म्हणजे माझं काही नाही?"

"तुझ्या डोळ्यांचा ह्यात काही संबंध नाही. संबंध त्या झारीचा आहे."

रविवारी संध्याकाळी उपेंद्रजी 'शांती सेशन'साठी परत येणार होते. शनिवारची बातमी भराभर पसरली होती, त्यामुळे गर्दी दुप्पट. रक्ताचे अश्रू बघायला माणसं अल ऐनहून गाडी काढून आली होती! मी कावेरीचा हात धरून खाली उतरले. लोक बाजूला सरकले, ते आदरानं नव्हे.

"उपेंद्रजी," मी म्हटलं, "माझी फेरपरीक्षा घ्या. पण मला पाणी झारीतलं पाहिजे."

"ताई, तुमची टेस्ट झाली. तुम्ही निर्मळ आहात."

"खात्री करून घ्या. मी दातांची डॉक्टर आहे, लोक मला घाबरतात. माझी नजर वाईट असणारच."

"हाय-फ्रीक्वेन्सी जल सर्वांना झेपत नाही!"

"कावेरीला झेपलं की."

"तिला..." ते अडखळले. "तिचा ऑराच तसा होता."

तेवढ्यात ताजबी उठल्या. मला वाटलं, आता मला झापणार. पण त्यांच्या मनात त्या पनीरचं शल्य होतं. त्यांच्या हातच्या पनीरला गर्दीपुढे दर शनिवारी बुरसटलेलं म्हणून दाखवलं जात होतं, आणि श्रीवर्धनात त्यांच्या पनीरला नाव होतं. त्यांनी उपेंद्रजींच्या पिशवीतून झारी सरळ उचलली.

"सत्तर वर्षं ह्या डोळ्यांनी दुनिया बघितली. बघू तरी काय बोलतंय तुझं चीज." त्यांनी स्वतःच्या तळव्यावर पाणी ओतलं, चीज दाबलं आणि मूठ उघडली.

लाल!

"या अल्ला," ताजबी म्हणाल्या. "मीच?"

"आजी, तुम्ही पण?" भिवा म्हणाला, आणि मग धीर करून त्यानंही हात पुढे केला. लाल. मग अल ऐनहून आलेल्या एका गृहस्थांनी, इतक्या लांब आलोच आहोत म्हणून. लाल. रांग आपोआप लागली. हॉलभर माणसं लाल तळवे धरून एकमेकांकडे बघत उभी होती.

"वल्ला, सगळ्यांचीच नजर वाईट?" युसुफभाई गोंधळून म्हणाले. "मग पोरीकडे बघायचं कुणी?"

"एक राहिलंय," मी म्हटलं. भिवानं उपेंद्रजींचं मनगट प्रेमानं धरलं, वेल्डरच्या हातानं. ताजबींनी पाणी ओतलं. चीज सर्वांत लाल झालं ते त्यांच्या मुठीत.

"हे रिव्हर्स एनर्जी..." उपेंद्रजी म्हणाले.

मी ओढणीच्या टोकात बांधून आणलेलं लिंबू काढलं आणि त्यांच्या तळव्यावर पिळलं. लाल विरलं, पिवळं परत आलं.

"झाली शांती," मी म्हटलं. "आता सगळ्यांनी ऐका. ह्या चीजला पिवळा रंग हळदीचा आहे. हळद आंबट वस्तूत पिवळी राहते. साबण, सोडा, चुना लागला की लाल होते. घराघरात कुंकू ह्याच रीतीनं करत आले. तांब्यात साधं पाणी आहे. झारीत काय आहे, ते आता बघू."

युसुफभाईंनी झारी काचेच्या वाटीत उलटी केली. वरचं पाणी नितळ होतं, पण तळातून पांढरा साका आला. भिवानं बोटावर घेऊन चोळला.

"हा तर चुना. मी तंबाखूला लावतो, तोच."

युसुफभाईंनी वाटी उचलून डोळ्यांजवळ धरली. "म्हणजे," ते म्हणाले, "ह्या माणसानं आम्हाला शब्दशः चुना लावला."

कोणीतरी फिसकन हसलं. मग सगळा हॉल हसला. कावेरी मात्र हसली नाही.

"आणि सडत का नाही?" अल ऐनच्या गृहस्थांचा प्रश्न. पेट्रोल खर्च करून आले होते, त्यांना सगळं हवं होतं.

मी स्टिकर काढलेलं पाकीट वर धरलं. "ई-२०२. बुरशी वाढू न देणारं प्रिझर्व्हेटिव्ह. कायद्यानं चालतं, लेबलवर छापलेलं आहे. शिवाय हे कारखान्यात तापवून केलेलं प्रोसेस्ड चीज. ताजबींचं पनीर ताजं आणि ओलं, त्यात काहीच मिसळलेलं नाही, म्हणून ते लवकर खराब झालं. त्यात पनीरचा काही दोष नाही."

"ऐकलंस?" ताजबी उपेंद्रजींना म्हणाल्या.

उपेंद्रजींनी शेवटचा प्रयत्न केला. "बरोबर आहे! मी तेच सांगतोय. ई म्हणजे एनर्जी. युरोपातले शास्त्रज्ञ एनर्जीला नंबर देतात. दोनशे दोन म्हणजे दोनशे दोन एनर्जी!"

"आणि इथे ॲलर्जीवाल्यांसाठी ठळक अक्षरांत काय लिहिलंय, तेही वाचा," मी म्हटलं.

त्यांनी वाचलं नाही. यम्नानं माझ्या हातातून पाकीट घेतलं आणि मोठ्यानं वाचलं: दूध आहे. बकरीचं आणि गाईचं. तिनं दोन्ही हात पुढे केले आणि कडेवरच्या अफशाला कावेरीच्या हातात दिलं. मग ती खाली बसून रडू लागली.

पुढचं भराभर झालं. उपेंद्रजींच्या गाडीची डिकी उघडली, तेव्हा आत हनी-टर्मरिक फ्लेवरची खोकीच खोकी निघाली. हा मनुष्य एका बुडत्या आयात एजन्सीचा सेल्समन होता. बकरीचा वास येतो म्हणून ते चीज कोणी विकत घेईना. तेव्हा त्यानं ते विकायच्या ऐवजी वाटायला सुरुवात केली, प्रसाद म्हणून, आणि 'ऊर्जा-योगदान' घ्यायला. युसुफभाईंनी पोलिसांत तक्रार दिली. स्वतःच्या घरात हे चालू दिलं, हेही त्यांनी तिथे सांगितलं, त्याला हिंमत लागते.

सोमवारी बालरोगतज्ज्ञांनी अफशाच्या तपासण्या केल्या. दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी. गाईचं दूध सोसत नाही अशा बहुतेक बाळांना बकरीचंही सोसत नाही, दोन्हींची प्रथिनं जवळपास सारखीच. आणखी काही दिवस चाटण चालू राहिलं असतं तर श्वासावर बेतू शकलं असतं, असं ते म्हणाले, तेव्हा युसुफभाई खुर्चीवर मागे टेकले आणि डोळे पुसू लागले. चट्टे आठवड्यात गेले. आणि हो, दोन दात आले.

युसुफभाईंनी कावेरीची माफी मागितली, सगळ्यांसमोर, जशी सगळ्यांसमोर शिक्षा सुनावली होती तशी. "राहशील ना?" त्यांनी विचारलं.

"राहीन," ती म्हणाली. "पण पुढच्या वेळेला मी काही विचारलं, तर आधी त्याचं उत्तर द्यायचं."

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण पंधरवड्यात ताजबींनी मला व्हॉट्सॲपवर एक लांबलचक मेसेज पाठवला: 'ई नंबर म्हणजे जहर! बिस्किटं फेका! जॅम फेका!' खाली उतरले तर त्यांनी खरोखर अर्धं कपाट कचऱ्याच्या पिशवीत भरलं होतं. मला पुन्हा पाकिटं घेऊन बसावं लागलं. मी समजावलं, ताजबी, ई नंबर अमृत नाही आणि जहरही नाही. तो मिसळलेल्या पदार्थाचा नंबर आहे, आपल्या इमिरेट्स आयडीसारखा. हळदीलाही आहे. व्हिनेगरलाही आहे. कुठला, किती, कुणाला चालतो, ते वाचायचं, कळलं नाही तर विचारायचं. त्यांनी बिस्किटं परत कपाटात ठेवली, जरा हिरमुसूनच. चमत्कार गेला तर गेला, निदान एखादं कारस्थान तरी हाती लागावं, अशी त्यांची अपेक्षा होती.

हे सगळं मी का लिहिलं? त्या हॉलमध्ये अडाणी कोणी नव्हतं. दुकान चालवणारे, नोकऱ्या करणारे, मोबाइलवर सगळं जग बघणारे लोक होते, आणि मीही त्यांच्यात रांगेत उभी राहून मूठ मिटली होती. पाकीट प्रत्येकाच्या हातात होतं. स्टिकर उचलायला नखही पुरलं असतं. आपण ते उचलत नाही, कारण उत्तर आधीच कुणीतरी गोड आवाजात देऊन ठेवलेलं असतं. आणि ज्या बाईनं एकटीनं प्रश्न विचारला, तिचेच हात आपण तपासायला घेतो.

तर कृपा करून एवढं करा. कोणी काही चमत्कार दाखवला, तर तो पुन्हा करून दाखव म्हणा, आणि ह्या वेळी पाणी तुम्ही ओता. आजारी मूल असेल तर बाबाकडे नको, डॉक्टरकडे न्या. आणि गर्दीत कुणी 'असं का होतं?' म्हणून विचारलं, तर त्या माणसाच्या बाजूला जाऊन उभे राहा.